काळीत घर बांधताना: जोत्याखालचा हिशेब

जुनं गाव पांढरीवर (गावठाणाच्या पांढरट मातीवर) आणि शेती काळीत (शेताच्या काळ्या मातीत), ही विदर्भातली वाटणी हौसेची नव्हती. काळी उन्हाळ्यात फाटते, पावसाळ्यात फुगते आणि तिच्यावर उभी केलेली भिंत दोन-चार वर्षांत तिरपी चिरते, हे पिढ्यान्‌पिढ्या पाहून ठरलेलं होतं. आता गावठाणं भरली. भावाभावांच्या वाटण्या झाल्या, पांदणीलगत ले-आउट पडले आणि घरं काळीत उतरली. अंदाजपत्रक मात्र अजून पांढरीच्याच हिशेबाने होतं: चौरस फुटाला इतके, गुणिले क्षेत्रफळ.

तो हिशेब नेमका कुठे चुकतो, हे एका घराच्या आकड्यांवरून दाखवायचं आहे. वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटकडच्या काळ्या पट्ट्यात सर्रास आढळणाऱ्या परिस्थितीवरून हे प्रकरण बांधलं आहे. मापं आणि प्रमाणं जशीच्या तशी वापरता येतील. दर हिशेबापुरते धरलेले आहेत; त्या जागी आपल्या तालुक्यातले घालावेत.

जागा आणि दरपत्रक

प्लॉट ४० × ६० फूट. पूर्वेला रस्ता, पश्चिमेला मागून नाला. घर २५ फूट रुंद, ३० फूट खोल, म्हणजे ७५० चौरस फूट. समोर २० फूट अंगण, मागे १० फूट. घराच्या लांबीत जमीन नाल्याकडे दीड फूट उतरते. तीन-तीन कॉलमच्या चार रांगा, एकूण १२ कॉलम. आता एक मजला. वर पुढे-मागे चढवायची इच्छा.

ठेकेदाराचा दर १,६०० रुपये चौरस फूट, म्हणजे १२ लाख. दरपत्रकात खाली एक ओळ: ‘पाया ५ फुटांपर्यंत. जास्त लागल्यास वेगळे.’ घरमालकाने विचारलं, तेव्हा उत्तर ठरलेलं होतं: “भाऊ, पाच फुटावर पक्कं लागतेच न इकडे. नाही लागलं तर पाहू.”

हे ‘पाहू’ महागात पडतं. जोत्यावरचं बांधकाम क्षेत्रफळावर चालतं: भिंती, स्लॅब, छपाई, फरशी. जोत्याखालचं काम खोलीवर चालतं, ते घनफुटात आणि ब्रासात मोजायचं असतं (ब्रास म्हणजे १०० घनफूट). पक्का थर ५ फुटांवर लागो की ९ फुटांवर, घर ७५० चौरस फुटांचंच राहतं. म्हणून चौरस फुटाच्या दरात पाया बसवला, तर ठेकेदाराला एक आकडा धरून चालावं लागतं आणि तो नेहमी सोयीचाच असतो. यात त्याची लबाडी असेलच असं नाही. जमिनीखाली काय आहे हे त्यालाही माहीत नसतं.

आधी खड्डे

मार्चमध्ये जेसीबी दोन तासांसाठी बोलावून दोन चाचणी खड्डे घेतले: एक घराच्या पुढच्या रेषेबाहेर, दुसरा मागच्या रेषेबाहेर. प्रत्येकी साधारण ४ × ६ फूट, १० फूट खोल. खड्डे घराच्या रेषेबाहेर घ्यायचे, कारण उकरून पुन्हा भरलेली जागा मूळ जमिनीसारखी कधीच होत नाही आणि तिच्यावर फुटिंग (कॉलमखालचा काँक्रीटचा पाय) आलं तर ते बसतं. खड्ड्यात उतरायचं नाही. काळीची उभी कड इशारा न देता ढासळते. नमुना बकेटमधून घ्यायचा, खोली वरून टेपने मोजायची आणि प्रत्येक थराची माती वेगळ्या पिशवीत खोली लिहून ठेवायची.

पुढच्या खड्ड्यात ४ फुटांपर्यंत काळी, ४ ते साडेपाच फूट चुनखडीचे खडे असलेली पिवळसर माती, साडेपाचपासून मुरूम, म्हणजे तो पक्का थर. मागच्या खड्ड्यात ६ फुटांपर्यंत काळी, ६ ते साडेआठ पिवळी, मग मुरूम. तीस फुटांत मुरूम तीन फूट खाली गेला होता. नाल्याकडे असं होणं अपेक्षितच आहे. वाहून आलेली माती खोलगट भागात साचत जाते.

आता ठेकेदाराचे ५ फूट या दोन खड्ड्यांवर ठेवून पाहा. पुढची रांग पिवळ्या थरावर बसली असती, मागची रांग निव्वळ काळीत. एकाच घराचे पाय दोन वेगळ्या जातीच्या मातीत. पावसाळ्यात मागची बाजू वर उचलली जाणार, पुढची त्या मानाने कमी, आणि खिडक्यांच्या कोपऱ्यांपासून तिरप्या भेगा निघणार. असं घर ओळखणं सोपं आहे: जुलै-ऑगस्टमध्ये दारं अडकतात, मे महिन्यात सुटतात.

पिवळ्या मातीचा फसवा पक्केपणा

या भागात सगळ्यात जास्त चूक इथे होते. सब्बल (पहार) मारली तर पिवळा थर टणक लागतो, खडे दिसतात, रंगही मुरमाकडे झुकलेला. मिस्त्री म्हणतो, मुरूम लागला. उन्हाळ्यात तर तो दगडासारखा वाटतो.

खात्री करायला घरीच एक प्रयोग होतो. तीन बादल्यांत पाणी घ्यायचं आणि काळी, पिवळी व मुरूम यांचं मुठीएवढं वाळलेलं ढेकूळ एकेकीत सोडायचं. मुरूम बसतो किंवा खरखरीत दाण्यांत सुटतो. बोटांत घेतला तर रेतीसारखा टोचतो. काळी फुगून पापुद्रे सोडते आणि तासाभरात लोण्यासारखी होते. पिवळी सावकाश, पण तेच करते. खडे तेवढे तळाशी उरतात.

प्रयोगशाळेतली चाचणी याच कल्पनेची मोजलेली आवृत्ती आहे. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली, भट्टीत वाळवलेली १० ग्रॅम माती १०० मिलिलीटरच्या दोन नळ्यांत घालतात. एकीत केरोसीन, दुसरीत डिस्टिल्ड पाणी. केरोसीनमध्ये चिकणमाती फुगत नाही. २४ तासांनी दोन्हींतलं मातीचं आकारमान वाचायचं आणि फरकाला केरोसीनच्या वाचनाने भागून टक्के काढायचे. याला मुक्त फुगवटा निर्देशांक म्हणतात. पद्धत आयएस (भारतीय मानक) २७२०, भाग ४० मध्ये दिली आहे. या प्रकरणात काळीसाठी केरोसीनमध्ये ११, पाण्यात २१ मिलिलीटर, म्हणजे ९१ टक्के. पिवळीसाठी १० आणि १५.५, म्हणजे ५५ टक्के. मुरमात फरक नगण्य. आयएस १४९८ नुसार ५० च्या आत कमी फुगणारी, ५० ते १०० मध्यम, १०० ते २०० जास्त. पिवळी माती टणक असली तरी मध्यम गटात बसते. तिच्यावर थांबून वाचवलेला दीड-दोन फूट हा वाचवलेला पैसा नव्हे.

फुगण्याचं कारण मॉन्टमोरिलोनाइट नावाच्या खनिजात आहे. त्याचे पत्रे इतके बारीक आणि सैल रचलेले असतात की मध्ये पाणी शिरतं, पत्रे दूर सरतात, पाणी गेलं की जवळ येतात. फुगण्याचा दाब चौरस मीटरला टनांत जातो, आणि चार इंची फरशीच्या काँक्रीटचं वजन चौरस मीटरला जेमतेम २४० किलो. म्हणूनच एकमजली घर आणि त्यातही फरशी सगळ्यात आधी उचलली जाते. उंच इमारत आपल्या वजनाने माती काही अंशी दाबून तरी ठेवते.

ब्रासचा हिशेब

पुढची आकडेमोड रटाळ आहे, पण बहुतेक पैसा इथेच दडलेला असतो.

फुटिंग ४ × ४ फूट. मुरमात अर्धा फूट शिरायचं, म्हणून पुढून मागे रांगांची खोली ६, ७, ८ आणि ९ फूट. कागदावर खड्डा ५ × ५ असतो, पण जेसीबीची बकेट आणि काळीच्या ढासळणाऱ्या कडा यांमुळे प्रत्यक्षात तो ६ × ६ होतो. ५ × ५ म्हणजे २५ चौरस फूट, ६ × ६ म्हणजे ३६. एका फुटाने खड्डा ४४ टक्क्यांनी वाढतो आणि तेवढाच भरावही.

फरशीखालची काळी तशीच ठेवून चालत नाही. घराच्या चारही बाजूंनी ३ फूट बाहेरपर्यंत, म्हणजे ३१ × ३६ = १,११६ चौरस फुटांवरची २ फूट माती आधी काढायची: २२.३ ब्रास. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी सपाट काढणी केली की फुटिंगचे खड्डे दोन फूट खालच्या पातळीवरून सुरू होतात. ९ फुटांचा खड्डा माणसाला ७ फुटांचा पडतो आणि कडा तिरप्या करणं सोपं जातं. त्या पातळीखाली बारा खड्ड्यांची खोदाई २३.८ ब्रास. एकूण ४६ ब्रास. ठेकेदाराने धरलेली होती १५.

खोदलेली माती सैल झाली की फुगते. ४६ ब्रासचे ट्रॉलीत सुमारे ६० ब्रास होतात. वरची दोन फूट काळी बरड वावरात टाकायला कोणीही नेईल, तिची वेगळी रास घालावी. खालची चुनखडीची पिवळी कोणाला नको असते. ती अंगणात पसरवून टाकायचा मोह होतो. निदान घराजवळ तरी पसरवू नये.

आता भराव. खड्ड्यांतून काँक्रीटची जागा वजा करून २०.२ ब्रास, सपाट काढणीच्या जागी २२.३, आणि जोत्याच्या आत. जोतं पुढे २ फूट, मागे उतारामुळे साडेतीन; सरासरी पावणेतीनमधून फरशीचा अर्धा फूट वजा जाता सव्वादोन फूट, म्हणजे १६.९ ब्रास. बेरीज ५९.४ ब्रास, दाबलेला. ट्रॉलीतला सैल मुरूम दाबल्यावर साधारण १.३ पटीने कमी होतो, म्हणून आणायचा ७७ ब्रास. घरमालक ६० मोजतो, ठेकेदार ७७ चं बिल लावतो आणि भांडण होतं. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

हिशेब असा उभा राहिला:

चाचणी खड्डे (जेसीबी २ तास, १,२०० ने) आणि माती तपासणी: १०,४००
खोदाई, जेसीबी १० तास, आणि खड्ड्यांचे तळ हाताने साफ करायची मजुरी: १८,०००
माती वाहतूक, ६० ट्रॉल्या, ४०० ने: २४,०००
मुरूम ७७ ब्रास, जागेवर पोच १,५०० ने: १,१५,५००
दाबाई (प्लेट कॉम्पॅक्टर, मजूर, ४ टँकर पाणी), ८ दिवस: २८,८००
५ फुटांपेक्षा जादा कॉलमचं काँक्रीट, लोहा, सेंट्रिंग: १२,०००
घराभोवती ३ फुटी काँक्रीटचा पट्टा आणि ६० फूट नाली: ३७,६००

एकूण २,४६,३००. यातले साधारण २५,००० (१५ ब्रास खोदाई आणि १२ ब्रास मुरूम) ठेकेदाराच्या १२ लाखांत आधीच होते. बाकीचे सव्वादोन लाख कुठेच नव्हते. चौरस फुटाला २९५ रुपये.

कॉलमची ओळ पुन्हा वाचावी. पाया खोल गेला की लोहा आणि सिमेंट भरमसाट वाढतं अशी समजूत आहे. बारा कॉलम सरासरी अडीच फुटांनी वाढले, म्हणजे एकूण ३० फूट लांबी. ९ × १२ इंची कॉलमला ते २२.५ घनफूट काँक्रीट. १२ मि.मी.च्या सहा सळया आणि रिंगा धरून लोहा ७० किलोच्या आसपास. पैसा लोह्यात गेलाच नाही. तो मुरमात गेला, आणि मुरूम ही नेमकी अशी गोष्ट आहे की जिथे ‘खोदलेलीच माती परत टाकू’ म्हणून वाचवायचा प्रयत्न होतो. खोदलेली काळी जोत्यात परत गेली की पुढची दहा वर्षं फरशीचा फुगवटा पाहत बसायचं.

घरकुलाच्या लाभार्थ्याला हे गणित सगळ्यात जास्त बोचतं. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात मैदानी प्रदेशासाठी मूळ मदत १ लाख २० हजारांची, घर किमान २५ चौरस मीटरचं. हप्ता माती पाहून ठरत नाही. मुरमाड टेकडीवरच्याला आणि नाल्याकाठच्याला तेवढाच. लहान घरात काळीचा खर्च क्षेत्रफळाइतका कमी होत नाही, कारण खोली तीच राहते.

घर दहा फूट पुढे

आकडे समोर आल्यावर पहिला विचार मुरूम कमी करायचा झाला. दुसरा विचार बरा होता: मुरूम जिथे उथळ आहे तिकडे घर सरकवायचं. नकाशात अंगण २० फूट आणि मागे १० फूट होतं. उलट केलं तर प्रत्येक रांग एका फुटाने वर येते: ५, ६, ७, ८. घरच्यांचा आक्षेप ट्रॅक्टर कुठे उभा राहील हा होता. बाजूला १५ फूट मोकळे होते, तिकडे जागा निघाली.

बारा खड्ड्यांत मिळून १२ फूट खोली कमी झाली. सैल मुरूम ५.६ ब्रासने घटला: ८,४००. वाहतूक, जेसीबी, दाबाई आणि कॉलम धरून एकूण १८,७०० वाचतील असं दिसलं. पुढे मुरूम खरोखर साडेचार फुटांवर आहे का, हे वीस मिनिटं जेसीबी लावून तिसऱ्या खड्ड्यात पाहिलं. अंदाजावर घर सरकवू नये. मुरमाचा उतार सरळ रेषेत जातोच असं नाही.

मात्र एक गोष्ट नजरेतून सुटण्याजोगी होती. पहिला चाचणी खड्डा जुन्या घररेषेच्या बाहेर होता. घर पुढे आल्यावर तो थेट दुसऱ्या रांगेशेजारी, घराच्या आत आला. वरून सैल माती लोटून बुजवलेला दहा फुटी खड्डा, भावी स्वयंपाकघराच्या फरशीखाली. तो पूर्ण उकरून थराथराने मुरमाने भरावा लागणार: अडीच ब्रास सैल मुरूम ३,७५० चा, वर उकराई आणि दाबाई मिळून ५,०००. निव्वळ बचत १३,७०० वर आली आणि खर्च २,३२,६०० वर थांबला. मुरमाच्या ट्रॉल्या ७७ वरून ७४.

दुसरे मार्ग का नाही

मुरूम १२ फुटांखाली असता, तर फुटिंग सोडून अंडर-रीम पाइलचा विचार करावा लागला असता. ३०० मि.मी.चा गोल बोअर, साडेतीन मीटर किंवा अधिक खोल, तळाशी अडीच पट म्हणजे ७५० मि.मी.चा फुगा. पद्धत रुडकीच्या सीबीआरआयने (केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने) रुजवली, नियम आयएस २९११ च्या तिसऱ्या भागात. हंगामात ओलावा बदलतो त्या थराच्या खाली फुगा अडकतो आणि वरची माती फुगली तरी पाइल उचलली जात नाही. बीम मात्र जमिनीला टेकवायचा नाही, खाली पोकळी ठेवायची. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, दर्यापूर-मूर्तिजापूरकडे, जिथे काळी खोलच खोल जाते, तिथे हाच रस्ता. तिकडे आणखी एक काळजी: विहिरीचं खारं पाणी काँक्रीटला वापरू नये. आयएस ४५६ नुसार आरसीसीसाठी (सळया घातलेल्या काँक्रीटसाठी) पाण्यातलं क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत हवं. हिंगणघाटच्या या प्लॉटवर ९ फुटांत मुरूम लागत होता आणि बोअरचं मशीन बारा पाइलसाठी आणणं परवडणारं नव्हतं.

चुन्याचा पर्यायही पाहिला. फरशीखालच्या काळीत वजनाच्या ३ ते ५ टक्के चुना मिसळला तर फुगवटा बराच उतरतो. १,११६ चौरस फुटांची २ फूट माती, म्हणजे सुमारे ६३ घनमीटर, कोरडी ८८ टनांच्या घरात. ४ टक्क्यांनी साडेतीन टन चुना. चुना महाग नाही. अडचण ढेकळांची आहे. काळीचं ढेकूळ फोडून पीठ केल्याशिवाय चुना आत जात नाही. सहा-सहा इंचांच्या थरात रोटाव्हेटर फिरवला तरच जमतं आणि घराच्या आखीव जागेत तो नीट वळत नाही. मोठ्या आवारासाठी ठीक, इथे नाही.

काम करताना पैसा कुठे गळतो

खोदाई एप्रिलमध्ये, भराव मेमध्ये, प्लिंथ बीम (जोत्याच्या पातळीवरचा बीम) मृगाच्या आत. एक पाऊस खड्ड्यांत पडला की तळाची माती लोणी होते. ती अर्धा फूट काढून पुन्हा मुरमापर्यंत जावं लागतं, वर पंपाचं भाडं. म्हणून बाराही खड्डे एकदम उघडून ठेवू नयेत. रांग खोदली की तळ साफ करून त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चार इंची कच्चं काँक्रीट.

ट्रॉली आतून मोजावी. १० × ५ फूट पेटीची कड २ फूट असेल तरच एक ब्रास; दीड फूट असेल तर पाऊण. ७४ ट्रॉल्यांवर हा फरक साडेअठरा ब्रासचा, म्हणजे २७,७५० रुपयांचा. मुरमाबरोबर रॉयल्टीची पावती मागावी. विनापरवाना मुरूम पकडला गेला तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली दंड होतो आणि तोवर काम अडतं. खदानीच्या वरच्या थराचा मुरूम काळीमिश्रित येतो. दर दहा ट्रॉल्यांमागे एक मूठ बादलीत टाकून पाहायला काही खर्च नाही.

भरावाला निव्वळ गिट्टी किंवा रेती वापरू नये. काळीत खोदलेला खड्डा म्हणजे तळ-कडा न गळणारी टाकी. तिच्यात पोकळ सामान भरलं की पावसाचं पाणी तिथेच साठतं आणि बाजूच्या काळीला महिनोन्‌महिने पाजत राहतं. थोडी बारीक माती असलेला, घट्ट दाबला जाणारा मुरूमच हवा.

आणि पाणी सोडून भराव बसवायची पद्धत. जोत्यात मुरूम ओतायचा, रात्रभर पाइप सोडायचा, सकाळी ‘बसला’ म्हणायचं. पांढरीवर ते खपून जातं. काळीवर तेच पाणी खाली उतरून माती फुगवतं. फरशी त्या फुगलेल्या मातीवर होते आणि उन्हाळ्यात माती आकसली की खाली पोकळी. मुरूम ९ इंच सैल पसरायचा, मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा पण तळहात ओला होऊ नये इतकंच पाणी मारायचं, आणि कॉम्पॅक्टर थर ७ इंचांवर येईपर्यंत फिरवायचा. कॉलमभोवती मशीन जात नाही, तिथे हाताने ठोकायचं धुम्मस. आतल्या भिंतीवर खडूने ७-७ इंचांच्या खुणा केल्या की वाद उरत नाही.

घराभोवतीचा ३ फुटी पट्टा बजेट ताणलं की पहिला कापला जातो, आणि तोच कापू नये. भिंतीच्या कडेची माती ओली-कोरडी होण्याचं चक्र तो थांबवतो. त्याला बाहेर उतार द्यावा, स्लॅबचं पाणी पाइपने थेट नालीत सोडावं. पट्टा आणि जोतं यांच्यातली फट सिमेंटने न बुजवता डांबराने भरावी. सिमेंट पहिल्याच उन्हाळ्यात सुटतं. शोषखड्डा नाल्याच्या बाजूला, घरापासून लांब. आता मागे २० फूट मोकळे झाल्याने त्याला जागाही मिळाली. कडुलिंब, पिंपळ भिंतीजवळ लावू नये. मुळं उन्हाळ्यात पायाखालचं पाणी ओढतात आणि तेवढाच कोपरा बसतो.

करारातल्या ओळी

‘पाया ५ फुटांपर्यंत’ ही ओळ खोडून तिच्या जागी चार ओळी आल्या. जोत्याखालचं काम चौरस फुटाच्या दरातून बाहेर. त्यापोटी १२ लाखांतून २५,००० वजा. खोदाई प्रत्यक्ष मोजून, पण ६ × ६ पेक्षा मोठा खड्डा झाला तर जादाची खोदाई आणि जादाचा मुरूम ठेकेदाराचा. मुरमाचे पैसे ट्रॉलीवर नाही, दाबलेल्या भरावाच्या मापावर, ब्रासचा दर १.३ ने गुणून: १,५०० चे १,९५०. आणि प्रत्येक खड्ड्याचा तळ काँक्रीट पडण्याआधी घरमालकाने टेप लावून पाहायचा. खोली व तारीख वहीत लिहून दोघांची सही.

वहीची पहिली ओळ: रांग १, कॉलम १, ५ फूट २ इंच, मुरूम.